मतपत्रिकेबाहेरचं आडनाव

शिवसेनेचा नारळ फुटला १९ जून १९६६ रोजी, आणि बाळासाहेब ठाकऱ्यांच्या घरातला माणूस पहिल्यांदा मतं मागायला उभा राहिला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये, वरळीत. मधल्या त्रेपन्न वर्षांत या पक्षाने मुंबई महापालिका घेतली, राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, लोकसभेच्या अध्यक्षपदी मनोहर जोशींना बसवलं. प्रत्येक निवडणुकीत मत पडायचं ते ठाकरे या नावाला, पण चिन्हाशेजारी नाव असायचं दुसऱ्याच कुणाचं. (२००९ साली नात्यातल्या शालिनी ठाकरे मनसेकडून लोकसभेला उभ्या होत्या, पण त्या काही मातोश्रीच्या, म्हणजे बाळासाहेबांच्या वांद्र्याच्या घराच्या, उंबरठ्यातून आलेल्या उमेदवार नव्हत्या.) देशातली बाकीची राजकीय घराणी मतदारसंघ वडिलोपार्जित शेतासारखे सांभाळतात. या घराण्याकडे सांभाळायला मतदारसंघच नव्हता. होतं ते आडनाव, आणि ते मिळवलं होतं शाईवर.

या घरात राजकारण आलं ते छापखान्याच्या दारातून. केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, जन्मले पनवेलला १८८५ साली. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांनी थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराच्या धर्तीवर घेतलं असं सांगतात. १९२१ मध्ये त्यांनी ‘प्रबोधन’ काढलं आणि पुढे त्याच नावाने ओळखले गेले. भिक्षुकशाहीवर त्यांनी जे लिहिलं ते आज कुणी जसंच्या तसं छापलं तर चौकात मोर्चा येईल. ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ या नावातच सगळं आलं. शाहू महाराजांचा त्यांना आधार होता, पण महाराजांच्या चुका दाखवतानाही त्यांची लेखणी अडखळली नाही. दादरच्या गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून ते भांडले, आणि त्या भांडणाच्या पोटी दादरला सार्वजनिक नवरात्र सुरू झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पहिल्या फळीत होते. आमदार-खासदार मात्र कधी झाले नाहीत. सत्तेच्या खुर्चीपेक्षा सत्तेला सुनावण्याची जागा मोठी, हा या घरातला पहिला संस्कार असावा.

पुढच्या पिढीने तो संस्कार रेषेत उतरवला. बाळ ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रं काढत, तिथे आर. के. लक्ष्मण त्यांचे सहकारी. १३ ऑगस्ट १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जेमतेम साडेतीन महिन्यांचं असताना, ‘मार्मिक’ निघालं. प्रकाशनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः आले होते. धाकटे भाऊ श्रीकांत संगीतकार. ‘मार्मिक’मध्ये ते ‘शुद्ध निषाद’ या नावाने चित्रपटांवर लिहीत. महंमद रफींकडून त्यांनी मराठी गाणी गाऊन घेतली, आणि मुलाचं नाव ठेवलं स्वरराज. तोच पुढे राज झाला. घरात कुंचला, लेखणी आणि पेटी. पुढारी होण्याची तयारी म्हणून यातलं काहीच ओळखू येत नाही.

व्यंगचित्रकाराच्या नजरेची एक खोड असते. त्याला माणूस चटकन ओळखू येईल असा हवा असतो: नाक मोठं, पोट सुटलेलं, लुंगी नेसलेला. ‘मार्मिक’ने मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या छापायला सुरुवात केली. वरचं शीर्षक आधी ‘वाचा आणि थंड बसा’ होतं, मग ‘वाचा आणि उठा’ झालं. नोकरी न मिळालेल्या गिरणगावातल्या पदवीधर पोराला त्या यादीत आपल्या नशिबाचं कारण सापडलं. कारण खरं किती आणि सोयीचं किती, हा हिशोब त्या वेळी कुणी मांडला नाही. मांडला असता तरी त्याला व्यंगचित्राएवढे वाचक मिळाले नसते. शिवसेनेचं नाव प्रबोधनकारांनी सुचवलं. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला तेव्हा ऐंशी ओलांडलेले प्रबोधनकार व्यासपीठावर होते. देवळांवर आसूड ओढणारा बाप आणि पुढे हिंदुहृदयसम्राट म्हणवला गेलेला मुलगा, हे कोडं आजही दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सोडवतात.

सुरुवातीची वाटचाल साधी सरळ नव्हती. १९६७ ला कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध स. गो. बर्वे यांना पाठिंबा दिला. १९६८ ला प्रजासमाजवाद्यांशी युती करून महापालिकेत ४२ जागा आणल्या. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर मुंबई पेटली आणि बाळासाहेब तुरुंगात गेले. जून १९७० मध्ये लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीला हरवून वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. विधानसभेत या आडनावाच्या पक्षाने टाकलेलं पहिलं पाऊल हे असं होतं, ते विसरून मागोवा घेता येत नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७२ मध्ये, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. राज्यकर्ते आपल्या सोयीसाठी एखादा घाशीराम कसा उभा करतात, हे सुचण्यामागे शिवसेनेचा उदय होता असं विजय तेंडुलकरांनी पुढे सांगितलं. त्या काळी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांसारख्या काँग्रेसवाल्यांच्या आशीर्वादाने वाढलेली सेना म्हणून टवाळखोर तिला ‘वसंतसेना’ म्हणत, ते उगीच नाही. आणीबाणीलाही बाळासाहेबांनी पाठिंबाच दिला होता.

राष्ट्रीय पातळीवर हे नाव खऱ्या अर्थाने पोहोचलं ते १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीनंतर. डॉ. रमेश प्रभू हिंदुत्वाच्या उघड प्रचारावर निवडून आले, आणि भाजपने तो निकाल नीट वाचला. दोन वर्षांत युती झाली. त्या प्रचाराची शिक्षा मात्र चांगलीच लांबली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निवडणूक रद्द ठरली आणि १९९९ मध्ये बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क काढून घेण्यात आला. मुदत सहा वर्षांची, ती १९९५ च्या निकालापासून मोजलेली. ज्याने उमेदवार म्हणून कधी अर्ज भरला नाही, त्याला मतदार म्हणूनही यादीबाहेर काढलं. तेव्हा केंद्रात त्याच्याच पक्षाचे मंत्री होते!

दिल्लीला जाण्याची त्यांना हौस नव्हती. दिल्लीच वांद्र्याला यायची. अडवाणी आले, महाजन तर घरचेच. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत युतीचा धर्म बाजूला ठेवून २००७ ला प्रतिभाताई पाटलांना आणि २०१२ ला प्रणव मुखर्जींना मतं दिली. मुखर्जी तर त्यासाठी मातोश्रीवर येऊन भेटून गेले. १९९५ ला राज्यात सत्ता आली तेव्हा रिमोट कंट्रोल माझ्या हाती आहे, असं ते लपवून न ठेवता सांगत. लोकशाहीत ही कबुली खरं तर धक्कादायक, पण महाराष्ट्राने ती चक्क कौतुकाने ऐकली. पद नसल्याचा मोठा फायदा असा की जाब विचारायला पत्ताच नसतो. १९९२-९३ च्या दंगलींवर श्रीकृष्ण आयोगाने त्यांच्यावर ठपका ठेवला; युती सरकारने अहवालच नाकारला. जुलै २००० मध्ये अटक झाली ती गृहखातं छगन भुजबळ या जुन्या शिवसैनिकाकडे असताना, आणि मुदत उलटून गेली म्हणून कोर्टाने प्रकरण त्याच दिवशी निकाली काढलं.

याच काळात हे नाव साहित्य-सिनेमात पात्र होऊन शिरलं. सलमान रश्दींच्या १९९५ च्या ‘द मूर्स लास्ट साय’मध्ये रामन फील्डिंग नावाचा मुंबईचा पुढारी येतो. थॅकरेसारखाच फील्डिंगही इंग्रज कादंबरीकार, हा रश्दींचा चावटपणा जाणत्यांच्या लक्षात आला, आणि पुस्तक मुंबईच्या दुकानांत पाठवायला वितरक कचरले. मणिरत्नमचा ‘बॉम्बे’ प्रदर्शनाआधी बाळासाहेबांना दाखवावा लागला. २००५ च्या ‘सरकार’मध्ये अमिताभ बच्चन यांनी रुद्राक्षाची माळ हातात घेतली तेव्हा ती कुणाची, हे बिहारमधल्या प्रेक्षकालाही सांगावं लागलं नाही. २०१९ च्या चरित्रपटात ती भूमिका केली उत्तर प्रदेशातून आलेल्या नवाजुद्दीन सिद्दिकीने. उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलनं झालेल्या शहरात हा योग कुणाला खटकला नाही, म्हणजे सिनेमाचं बाजारशास्त्र अस्मितेहून बळकट म्हणायचं. आणि १९९६ साली राज यांनी मायकेल जॅक्सनला अंधेरीत नाचवलं, तो मातोश्रीवरही जाऊन आला. व्हॅलेंटाइन डेच्या भेटकार्डांची होळी करणाऱ्या पक्षाला त्यात विसंगती वाटली नाही. मला वाटतं, कलावंतांच्या घरात तशी ती वाटतही नसावी.

फूट घरातच पडायची होती. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरला बाळासाहेबांचे चिरंजीव उद्धव यांचं नाव कार्याध्यक्ष म्हणून मांडलं ते राज यांनीच. तीन वर्षांनी, ९ मार्च २००६ रोजी, त्यांनी मनसे हा स्वतःचा पक्ष काढला. एक भाऊ आकाशातून गडकिल्ल्यांची छायाचित्रं काढणारा, दुसरा व्यंगचित्रकार आणि वक्तृत्वात हुबेहूब काकांसारखा. आवाज, हातवारे, मधला तो थांबा, सगळं राज यांच्याकडे गेलं. पक्षाची गटप्रमुखांपर्यंतची बांधणी उद्धव यांच्याकडे राहिली. पहिल्या फेरीत आवाज जिंकला असं वाटलं. २००९ ला मनसेचे १३ आमदार आले. मग २०१४ ला एक, २०१९ ला एक, २०२४ ला एकही नाही. सभा मोठ्या भरायच्या, पेट्या रिकाम्या निघायच्या. २०१९ च्या लोकसभेला तर एकही उमेदवार न देता त्यांनी नुसते व्हिडिओ लावून प्रचार केला, आणि देशभर पाहिला गेला तो तोच प्रचार. मतपत्रिकेबाहेर राहून बोलण्याची घराण्याची जुनी कला होती ती, फक्त मागे शाखांची फौज नव्हती.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब गेले. शहर बंद झालं. ते बंद का, असं पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना पोलिसांनी अटक केली. दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने त्यावरून याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने अलीकडच्या काळात लागलेला हा मोठाच निकाल, आणि तो लागला या आडनावाच्या धाकातून. धाकाचं एवढं चांगलं फळ दुसरं आठवत नाही.

नंतरची दहा वर्षं सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहेत, म्हणून झरझर सांगतो. वरळीतून उद्धव यांचे चिरंजीव आदित्य निवडून आले. २८ नोव्हेंबर २०१९ ला उद्धव यांनी शिवाजी पार्कवर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली; आमदारकी मिळाली ती सहा महिन्यांची मुदत संपत आल्यावर, विधान परिषदेतून, बिनविरोध. अडीच वर्षांनी सेनेचेच एकनाथ शिंदे पक्षाचे बहुतेक आमदार घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. २९ जून २०२२ च्या रात्री उद्धव यांनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे तुमचं सरकार परत आणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं. रिमोट हाती असलेल्याला राजीनामा द्यावा लागत नाही, खुर्चीवरच्याला लागतो. घराण्याने पन्नास वर्षं टाळलेला धोका तो हाच.

त्याहून विलक्षण भांडण नावाचं झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने जुनं नाव आणि धनुष्यबाण गोठवले तेव्हा एका गटाला ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ मिळालं, दुसऱ्याला ‘बाळासाहेबांची शिवसेना’. त्या दसऱ्याला दोन मेळावे झाले. शिवाजी पार्कवर उद्धव, आणि वांद्रे-कुर्ला संकुलात शिंद्यांच्या व्यासपीठावर बाळासाहेबांचेच चिरंजीव जयदेव. म्हणजे रक्त कुणीकडे आणि वारसा कुणीकडे, याचा निवाडा घरातल्या हजेरीवरूनही होईना. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने शिवसेना हे नाव आणि चिन्ह शिंद्यांना दिलं. ठाकऱ्यांच्या हयातीतच ठाकऱ्यांविना शिवसेना उभी राहिली, आणि तिच्या प्रत्येक फलकावर बाळासाहेबांचा फोटो होता. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गालाही त्यांचंच नाव. ठरलं उद्धव यांच्या महाविकास आघाडीच्या राज्यात, आणि पहिला टप्पा खुला झाला शिंद्यांच्या. पूर्वी हे आडनाव मतपत्रिकेवर नसताना मतं घ्यायचं. आता ते कुणाच्याही मालकीचं नसताना घेऊ लागलं. २०२४ च्या लोकसभेला उद्धव यांच्या ९ जागा, शिंद्यांच्या ७. सहा महिन्यांत विधानसभेला चित्र पालटलं: उद्धव २०, शिंदे ५७.

त्याच विधानसभेत माहीम मतदारसंघात राज यांचे चिरंजीव अमित उभे होते. शिवाजी पार्क याच मतदारसंघात येतं. पहिले आले उद्धव यांच्या पक्षाचे महेश सावंत, दुसरे शिंदे गटाचे सदा सरवणकर, आणि तिसरे अमित. ठाकरे नाव तीन रूपांत एकाच यंत्रावर होतं. ज्याच्या आडनावातच ते होतं तो तिघांत शेवटचा ठरला.

५ जुलै २०२५ रोजी उद्धव आणि राज हे दोघे भाऊ वरळीला एका व्यासपीठावर आले. निमित्त पहिलीपासून हिंदीच्या सरकारी आदेशाचं; तो सरकारने आधीच मागे घेतला होता. जे बाळासाहेबांना जमलं नाही ते देवेंद्र फडणविसांनी करून दाखवलं, असं राज म्हणाले आणि सभागृह हसलं. विनोद चांगला होता, आणि भाषण पुन्हा त्यांचंच सरस झालं. पण त्या सभेत पक्षांचे झेंडे आणू नका असं दोन्ही बाजूंनी आधीच सांगितलेलं होतं. झेंडे वगळले की भाऊ एका रांगेत बसतात. जागावाटपाच्या बैठकीत मात्र झेंडे आणावेच लागतात, आणि तिथे कुठल्या वॉर्डात कुणाची शाखा जिवंत आहे, एवढंच विचारलं जातं.