एक किलोमीटरचं अंतर

एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट. महाराष्ट्र सरकारच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेचा अर्थ असा होता. शहरात महापालिकेची शाळा इतक्या अंतरावर बहुधा असतेच. म्हणजे सवलतीच्या नावाखाली दारच लागलं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलैला हा बदल रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला.

संस्थाचालकांची तक्रार मात्र खोटी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या २५ टक्के जागांवरच्या मुलांचा खर्च सरकारने शाळेला द्यायचा असतो, तोही स्वतःचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेची फी यांतल्या कमी रकमेइतकाच. हे पैसे थकत जातात. मग थकबाकीची शिक्षा पहिलीतल्या पोराला का?

प्रत्येक मुलाला शिक्षण मिळावं, ही मागणी जुनीच आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर शिक्षण आयोगापुढे बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती.

शाळेचं दार बंद असेल तर घरी शिकवा, असं कुणी म्हणेल. घरीच शिकवणाऱ्या पालकांबद्दल कायदा स्पष्ट बोलत नाही. त्यांची मुलं पुढे खासगी उमेदवार म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देऊ शकतात. पण घरी शिकवायला सवड आणि पैसा लागतो. घरकाम करणाऱ्या आईकडे दोन्ही कुठून येणार? तिच्या मुलाला राखीव जागेवर प्रवेश मिळाला, तरी मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते.