जॉयस्टिकची शून्य त्रुटी

व्हर्नियर कॅलिपर हाती दिल्यावर आपण विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट कोणती करायला सांगतो? जबडे मिटवा आणि शून्यासमोर शून्य येते का ते पाहा. येत नसेल तर तो फरक लिहून ठेवा व प्रत्येक मापनातून वजा करा. या फरकालाच आपण शून्य त्रुटी म्हणतो. वजनकाटा असो की अ‍ॅमीटर, ही सवय आपण कटाक्षाने लावतो. पण तेच उपकरण संगणकाला जोडलेले असले की आपण ती विसरतो. गेल्या वर्षी हा विसर एका मुलीला महागात पडणार होता.

माझी मावसबहीण विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेली आठवीतील एक मुलगी आहे. तिचे बोलणे अस्पष्ट आहे आणि बोटांवर ताबा कमी आहे, त्यामुळे माउस धरता येत नाही. मूठ मिटून एखादा दांडा मात्र ती ढकलू शकते. म्हणून शाळेने तिला संगणकावरील खेळांसाठी मिळते तशी एक जॉयस्टिक दिली. दांडा हलवला की पडद्यावरचा बाण हलतो, आणि पडद्यावर मांडलेल्या मुळाक्षरांवर बाण नेऊन बटण दाबले की अक्षर उमटते. दोन वर्षे ती असे लिहीत होती. मग हळूहळू तिच्या लिखाणात चुका वाढल्या. बाण हव्या त्या अक्षराच्या डावीकडे जाऊ लागला. नोंदवहीत शेरा आला : ‘हात डावीकडे ओढला जातो. स्थिरता कमी झाली आहे.’ पुढील सत्रापासून संगणक बंद करून लेखनिक द्यावा असे ठरत आले होते.

बहिणीचा फोन आला. “दादा, हिचा हात खरंच बिघडतोय की त्या दांड्याचंच काही आहे, हे कसं ओळखायचं?”

व्हर्नियरचे जबडे मिटवण्यासारखीच येथेही एक साधी चाचणी आहे. दांडा सोडून द्यायचा आणि पाहायचे. मी शाळेत गेलो, तेव्हा आम्ही तिला हात मांडीवर ठेवायला सांगितले. बाण सावकाश डावीकडे सरकतच राहिला. दांड्यावर हातच नव्हता, मग ओढत कोण होते?

दांड्याच्या पोटात काय असते?

जॉयस्टिक हे मुळात कोन मोजण्याचे यंत्र आहे. दांडा डावी-उजवीकडे किती कलला आणि पुढे-मागे किती कलला, हे दोन कोन ती मोजते. बहुतेक जॉयस्टिकमध्ये यासाठी दोन परिवर्ती रोध असतात. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करण्याची जी खुंटी असे, तिच्यात हाच भाग असे. कार्बनच्या लेपाची एक पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा एक स्पर्शक, एवढीच त्याची रचना.

संगणकाला रोध थेट कळत नाही. त्याला आकडे कळतात. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा जॉयस्टिकसाठी त्याला एक वेगळे कार्ड मिळत असे. त्यातील युक्ती फार सुंदर होती. दांड्याचा रोध शून्य ते १०० किलोओहम असे आणि कार्डावर एक लहान धारित्र असे. संगणकाने इशारा दिला की धारित्र या रोधातून भारित होऊ लागे. रोध जास्त, तर भारित होण्यास वेळ जास्त. आयबीएमने दिलेले सूत्र असे होते :

वेळ (मायक्रोसेकंदांत) = २४.२ + ०.०११ × रोध (ओहममध्ये)

दांडा मध्यावर असताना रोध ५० किलोओहम धरला, तर वेळ सुमारे ५७४ मायक्रोसेकंद येतो. दांडा एका टोकाला नेऊन रोध १०० किलोओहम झाला, तर तो सुमारे १,१२४ मायक्रोसेकंद होतो. संगणक तेवढा वेळ ‘झाले का? झाले का?’ असे पुन्हा पुन्हा विचारत राही आणि किती वेळा विचारले ते मोजत असे. अशा रीतीने कोनाचे रोधात, रोधाचे वेळात आणि वेळाचे आकड्यात रूपांतर होई.

यात एक मेख होती. दुप्पट वेगाचा संगणक तेवढ्याच वेळात सुमारे दुप्पट वेळा विचारतो. म्हणजे दांडा तोच, कोन तोच, पण आकडा दुप्पट! म्हणूनच त्या काळचे खेळ सुरू होताना दांडा वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, मग मध्यावर सोडा असे सांगत. ही कटकट वाटे, पण ते अंशांकन होते. तापमापीवर बर्फाचा बिंदू आणि उकळत्या पाण्याचा बिंदू आधी ठरवून घ्यावा लागतो, तसेच हे.

१९९६ साली यूएसबी आली आणि हे काम जॉयस्टिकमधील चिपकडे गेले. आता परिवर्ती रोधाच्या दोन टोकांना विभवांतर देतात आणि स्पर्शकावरील विभव मोजतात. स्पर्शक मध्यावर असेल तर निम्मे विभव मिळते. आपण प्रयोगशाळेत दाखवतो तोच हा विभव विभाजक. चिप या विभवाचा आकडा करते. ८ बिटांची चिप असेल तर ० ते २५५, म्हणजे मध्य १२७ किंवा १२८. हा आकडा संगणकाच्या वेगावर अवलंबून नसतो. पण स्पर्शक अजूनही कार्बनवर घासतोच आहे, हे विसरू नये.

दोष कोठे शोधावा?

दांड्यापासून पडद्यापर्यंत चार टप्पे आहेत : दांड्यातील मापक, तार, संगणकाची कार्यप्रणाली आणि शेवटी वापरायचा प्रोग्राम. सगळीकडे एकदम हात घालू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिला प्रश्न : संगणकाला जॉयस्टिक दिसते का? मुळीच दिसत नसेल तर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावी, मग दुसऱ्या संगणकाला. तार वेगळी निघणारी असेल तर तार बदलावी. मोबाइलच्या काही तारांमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात आणि माहिती वाहणाऱ्या नसतात. अशा तारेवर दिवा लागतो, पण संगणकाला काहीच कळत नाही.

दुसरा प्रश्न : दिसत असेल तर आकडे काय येतात? विंडोजमध्ये ‘रन’च्या खिडकीत रोमन लिपीत जॉय, टिंब, सीपीएल असे टंकले की गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडते. तेथे चाचणीची जागा आहे आणि अंशांकनाची सोयही आहे. अंशांकन करताना ‘डिस्प्ले रॉ डेटा’ ही चौकट निवडली की मूळ आकडे दिसतात. लिनक्सवर जेएसटेस्ट हा प्रोग्राम आकडे दाखवतो.

तिसरा प्रश्न : आकडे बरोबर असूनही काम होत नाही का? मग दोष प्रोग्रामच्या मांडणीत आहे. दोन कंट्रोलर जोडलेले असताना प्रोग्राम भलत्याचेच ऐकत असेल, किंवा बटणांचे क्रमांक बदललेले असतील. विंडोजवर कंट्रोलर वाचण्याच्या डायरेक्टइनपुट आणि एक्सइनपुट अशा दोन पद्धती आहेत. फक्त डायरेक्टइनपुट पद्धतीचा कंट्रोलर एक्सइनपुटच ओळखणाऱ्या प्रोग्रामला दिसत नाही. अशा वेळी दांडा उघडून काहीच हाती लागणार नाही.

आमच्या जॉयस्टिकचे आकडे आम्ही कागदावर लिहिले. दांडा उजवीकडे नेऊन सोडला की तो ११८ वर स्थिरावे, डावीकडे नेऊन सोडला की १०३ वर. शिवाय आकडा चार-पाचाने थरथरत होता. अपेक्षा होती १२८ ची.

या नोंदींत तीन वेगळे दोष आहेत. मध्य सरकला आहे, ही शून्य त्रुटी. ती अंशांकनाने जाते. दोन बाजूंनी सोडल्यावर दोन आकडे येतात, हा यांत्रिक सैलपणा. आकडा थरथरतो, ही झीज. शेवटचे दोन दोष अंशांकनाने जात नाहीत. व्हर्नियरचा जबडाच डुगडुगत असेल तर त्रुटी वजा करून काय उपयोग? दांडा बहुतेक वेळ मध्याजवळ असतो, म्हणून कार्बनची पट्टीही तेथेच सर्वांत जास्त झिजते. जुन्या रेडिओची खुंटी नेमकी नेहमीच्या जागी खरखर करी, ती याच कारणाने.

आम्ही यूएसबी काढून जॉयस्टिक उघडली आणि तो रोध बदलून तेवढ्याच किलोओहमचा नवा बसवला. घेताना दुकानदाराला ‘लिनिअर’ असे आवर्जून सांगावे लागते. आवाजाच्या खुंटीत बहुधा लॉगरिथमिक रोध असतो. तो बसवला तर मध्यावर निम्मे विभव मिळणार नाही. नवा रोध लावल्यावर सोडलेला दांडा १२६ ते १२९ च्या दरम्यान राहू लागला.

ही झीज टाळण्याचा मार्गही आहे. १८७९ साली एडविन हॉल यांनी दाखवले की विद्युतधारा वाहणाऱ्या पट्टीवर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन बाजूंत विभवांतर निर्माण होते. दांड्याला लहान चुंबक लावून हे विभवांतर मोजले की काहीच घासत नाही. १९९८ साली जपानमध्ये आलेल्या सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हीच पद्धत होती. पण दांडा मध्यावर आणणारी स्प्रिंग तेथेही असतेच, म्हणून अंशांकन तेथेही चुकत नाही.

टोके कोणाची धरायची?

आता काम संपले असे मला वाटले होते. तेवढ्यात बहीण म्हणाली, “दादा, ती दांडा पूर्ण टोकापर्यंत नेऊच शकत नाही.”

येथे ‘डेड झोन’ समजून घ्यावा लागतो. कोणताही दांडा मध्यावर अगदी अचूक थांबत नाही. म्हणून मध्याभोवतीच्या थोड्या हालचालीकडे प्रोग्राम दुर्लक्ष करतो. एक्सइनपुट पद्धतीत डाव्या दांड्याचा आकडा एका बाजूस ३२,७६७ पर्यंत जातो आणि त्यातील पहिले ७,८४९ सोडून द्यावेत असे मायक्रोसॉफ्टने प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सुचवलेले आहे. म्हणजे सुमारे २४ टक्के. खेळणाऱ्या धडधाकट हातांना हे चालते. पण ज्या हाताचा सगळा आवाकाच दांड्याच्या निम्मा आहे, त्याची जवळजवळ अर्धी हालचाल या पट्ट्यात बुडून जाईल. झिजलेल्या दांड्याचे सरकणे लपवण्यासाठी डेड झोन वाढवत नेणे हा सोपा उपाय आहे, आणि त्याची किंमत कमी ताकदीचा हात मोजतो.

म्हणून आम्ही उलटे केले. दांडा दुरुस्त झालेला असल्याने डेड झोन तीन टक्क्यांवर आणता आला. मग अंशांकन पुन्हा केले, पण या वेळी दांडा मी हलवला नाही, तिने हलवला. तिचा हात डावीकडे सुमारे ७० पर्यंत आणि उजवीकडे १९० पर्यंत जात होता. संगणकाला आम्ही तीच टोके शिकवली. दांड्याची टोके कारखाना ठरवतो, वापरणाऱ्याची टोके वापरणाराच ठरवू शकतो. प्रत्येक प्रोग्राम हे अंशांकन मानतोच असे नाही, त्यामुळे तिच्या लेखनाच्या प्रोग्राममध्येही ते तपासून घेतले.

शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. १०० किलोओहमचा एक लिनिअर परिवर्ती रोध, एक कोनमापक आणि एक मल्टिमीटर एवढे पुरे. दर २० अंशांना रोध मोजावा, आधी जाताना आणि मग परत येताना. दोन्ही आलेख एकावर एक काढावेत. ते जुळतात का? मग एखाद्या जुन्या रेडिओतील खुंटीचा रोध सोडवून काढून त्याचाही आलेख काढावा. सरळ रेषा, वाकलेली रेषा आणि झिजलेल्या जागेचा खड्डा, तिन्ही डोळ्यांनी दिसतील.

त्या मुलीने नव्या अंशांकनावर पहिले वाक्य लिहायला घेतले, तेव्हा आम्ही तिघेही पडद्याकडे पाहत उभे होतो. ते वाक्य लिहायला तिला साडेचार मिनिटे लागली आणि त्यात एकही चूक नव्हती. बहिणीने नोंदवही उघडली, जुना शेरा खोडला नाही, पण त्याच्याखाली तारीख घालून लिहिले : ‘उपकरणात दोष होता. हात तपासण्याआधी उपकरण तपासले नव्हते.’

लेखनिकाचा अर्ज मागे घेण्यात आला.