पोत्यातला नको, तुळईवरचा दे

सौंदडला आमची छोटी धानगिरणी आहे. भाऊ चालवतो. मी नागपुरात राहते आणि कारखान्यांतल्या धूळ-स्फोटांची गणितं संगणकावर मांडते. दिवाळीत घरी गेले तेव्हा तो शिडीवर उभा राहून, एलिव्हेटरच्या वरच्या तुळईवर साचलेला कोंडा कॉम्प्रेसरच्या नळीनं उडवत होता. गिरणीत पलीकडचा माणूस दिसेना. मी खालूनच ओरडले, "आधी बंद कर ते!"

तोंडावरचा दुपट्टा सोडत तो उतरला. "ताई, कोंडाच त आहे. गाई खातेत त्याले."

गाई खातात तो कोंडा पोत्यात असतो. पोत्याला आग लागली तर तो धुमसत राहतो, कारण हवा फक्त वरवर पोचते. तोच कोंडा उडाला की कणाकणाभोवती हवा असते आणि एका कणाची ज्वाळा शेजारच्याला क्षणात पेटवते. बंद जागेत तापलेल्या वायूला फुगायला वाव नसतो, म्हणून भिंती जातात. धान्याच्या बारीक धुळीला घनमीटरमागे 50-60 ग्रॅमसुद्धा पुरतात. जमिनीवर कोंड्याचा एक मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅम. तो पाच मीटर उंचीपर्यंत उडाला की तेवढं भरलंच. पहिला स्फोट बहुधा लहान असतो, एखाद्या यंत्राच्या आतला. त्याच्या धक्क्यानं तुळयांवरची धूळ खाली येते आणि मग दुसरा होतो. माणसं बहुतेकदा त्या दुसऱ्यात जातात.

इटलीतल्या तुरीनला 1785 साली पिठाच्या कोठारात असा स्फोट झाल्याची नोंद आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला 1878 साली पिठाची गिरणी उडाली, 18 माणसं गेली. आपल्याजवळ उमरेडच्या एमआयडीसीत एप्रिल 2025 मध्ये अॅल्युमिनियमच्या पावडरच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. आमच्या गावावरून जाणारी रेल्वे पुढे बल्लारशाहच्या कोळशाच्या मुलखात जाते. भुयारी खाणींत कोळशाच्या धुळीवर दगडाची भुकटी पसरतात, ती याच भीतीनं.

"मग तुझ्या कम्प्युटरले का समजते कोंडा?" भावानं विचारलं. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण संगणकाला आपणहून काहीच समजत नाही. आम्ही गिरणी किंवा कोठी संगणकात उभी करतो, तिचे हजारो लहान कप्पे पाडतो आणि प्रत्येक कप्प्यातली धूळ, प्राणवायू, उष्णता, दाब यांचा हिशोब क्षणाक्षणाला पुढे नेतो. पण ही धूळ किती वेगानं जळते, हे आधी मोजून द्यावं लागतं. त्यासाठी 20 लिटरचा पोलादी गोळा असतो. त्यात 20 बार दाबाच्या हवेनं धूळ फेकतात, 60 मिलिसेकंद थांबतात आणि मधोमध पेटवतात. दाब कसा चढत गेला, त्याची रेघ हाती येते.

खरी अडचण त्या 60 मिलिसेकंदांत आहे. गॅस हवेत मिसळला की मिसळून राहतो. धूळ मात्र खाली बसते. तिला तरंगत ठेवायला हवा घुसळावी लागते, आणि घुसळलेल्या हवेत ज्वाळा जास्त जोरात धावते. थोडं अधिक थांबून पेटवली, तर तीच धूळ सौम्य भासते. म्हणजे गोळ्यातला आकडा धुळीचा असतो तितकाच त्या खळबळीचाही असतो. तो उचलून मोठ्या इमारतीला लावायचा, तर तिथली खळबळ वेगळी मांडावी लागते.

म्हणून खऱ्या कोठ्या पेटवून पाहाव्या लागल्या. नॉर्वेत रॉल्फ एकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात 22 मीटर उंच, 236 घनमीटरची कोठी घेतली. दाब सुटायची वाट माथ्यावर होती. धूळ वरच्या बाजूला पेटवली की दाब किरकोळ राहायचा, कारण जळलेला वायू लगेच बाहेर पडायचा. तळाशी पेटवली की ज्वाळा न जळलेली धूळ पुढे ढकलत, हवा घुसळत वर यायची आणि दाब कितीतरी पटींनी चढायचा. कोठी तीच, ठिणगीची जागा तेवढी बदललेली. पुढे 2002 ते 2005 या काळात युरोपीय प्रकल्पातून 'डेस्क' ही धूळ-स्फोटांची आज्ञावली घडली. अशी आज्ञावली मोठ्या प्रयोगांशी ताडून पाहिल्याशिवाय तिचा आकडा कुणाच्या छपराखाली वापरायचा नसतो.

रंगीत ज्वाळांचं चित्र कुठलीही आज्ञावली काढून देते. कुणी असं चित्र पुढे ठेवलं की मी विचारते, अशी कोठी कुणी खरोखर पेटवली होती का, आणि तिचा दाब कळण्याआधी तुमचं उत्तर काय होतं? प्रयोगाचा निकाल बघून नंतर जुळवलेली रेघ मला पुरत नाही. त्या रेघेच्या भरवशावर तांदळाच्या पॉलिशरशेजारी माणूस उभा राहणार असतो.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद होती. मी भावाला म्हटलं, "मला कोंडा हवा. पोत्यातला नको, तुळईवरचा दे." सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत कोरडा कण उडून तिथेच जाऊन बसतो, पोत्यातला जाडाभरडा नमुना तपासला तर आकडा खोटा दिलासा देईल. त्यानं मऊ केरसुणीनं एक चौरस फूट हळूच वर्तमानपत्रावर उतरवला आणि तराजूवर ठेवला. 40 ग्रॅम.

"एवढासाच?" तो म्हणाला.

मी बिलबुकाच्या मागे गुणाकार केला. चौरस मीटरला 430 ग्रॅम. त्यानं कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग कॉम्प्रेसरची नळी गुंडाळून खुंटीला अडकवली आणि मान वर करून तुळया मोजायला लागला. सात होत्या.