'जोगेश्वरी'ची अक्षरे किती?

गूगलचे व्ही-एट हे जावास्क्रिप्ट इंजिन २००८ साली क्रोम ब्राउझरसोबत आले, तेव्हा त्यातली बरीचशी अंगभूत फंक्शने खुद्द जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली होती. लिहायला ती सोपी होती, पण प्रत्यक्ष चालताना इंजिनाने ती ओळखीची करून घेईपर्यंत संथ असत. पुढे यासाठी 'टॉर्क' ही स्वतंत्र छोटी भाषा घडवली गेली. टॉर्कमधल्या फंक्शनाचे यंत्रभाषेत रूपांतर ब्राउझर बांधतानाच होते. २०१८पासून हा तयार कोड थेट ब्राउझरच्या फाइलमध्येच बसवला जातो, त्यामुळे प्रत्येक टॅबसाठी त्याची वेगळी प्रत करावी लागत नाही.

क्रम लावणारे 'सॉर्ट' हे या बदलाचे उत्तम उदाहरण. पूर्वी यादीत दहापेक्षा जास्त घटक असले की व्ही-एट क्विकसॉर्ट वापरी. एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांची यादी आधी नावाने लावली, मग जोगेश्वरी पूर्व आणि पश्चिम अशी, तर दुसऱ्या फेरीत नावांचा क्रम विस्कटण्याची शक्यता असे. दहा सभासदांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नसे, हा त्यातला खरा उपद्रव. व्ही-एटच्या ७.० आवृत्तीत टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथॉनसाठी रचलेली टिमसॉर्ट पद्धत टॉर्कमध्ये लिहून घेतली गेली. समान घटकांचा मूळ क्रम राखणे जावास्क्रिप्टच्या २०१९च्या प्रमाणात सक्तीचेच झाले.

तरीही साधे सॉर्ट मराठी जाणत नाही. ते युनिकोडचे क्रमांक पाहते, म्हणून क्षमा, गौरी, हर्षद असा क्रम देते. 'क्ष' वर्णमालेच्या शेवटी हवा असेल तर 'इंटल' या विस्ताराकडे जावे लागते. २०१२ साली प्रमाणित झालेला हा विस्तार व्ही-एटमध्ये सी-प्लस-प्लसमधून आयसीयू या ग्रंथालयाला जोडलेला आहे (रुग्णालयाशी संबंध नाही). भाषाभाषांचे तक्ते तिथे असतात. मराठीसाठी मागितल्यास १२३४५६७८ ही संख्या '१,२३,४५,६७८' अशी येते. हिंदीसाठी मात्र मुळात इंग्रजी अंकच मिळतात. ब्राउझरबाहेर व्ही-एट चालवणाऱ्या नोडच्या तेराव्या आवृत्तीपूर्वीच्या अधिकृत प्रतींत फक्त इंग्रजीचे तक्ते होते, त्यामुळे मराठी मागूनही उत्तर इंग्रजी वळणाचेच येई.

नवे फंक्शन जोडताना जुनी पाने मोडू नयेत, ही अट सर्वांत जाचक. यादीतल्या याद्या सपाट करणाऱ्या फंक्शनाचे 'फ्लॅटन' हे नियोजित नाव २०१८ साली 'फ्लॅट' करावे लागले, कारण मूटूल्स या जुन्या ग्रंथालयाने 'फ्लॅटन' नावाचे फंक्शन स्वतःच जोडून ठेवले होते आणि त्यावर अनेक संकेतस्थळे उभी होती.

हीच अट अक्षरे मोजतानाही आड येते. 'जोगेश्वरी' या शब्दाची लांबी विचारली की इंजिन ९ सांगते, कारण ते काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजते. अक्षरे मोजण्यासाठी 'इंटल'मध्ये सेगमेंटर आला. क्रोमने तो २०२० साली घेतला. जुन्या नियमाने 'श्' आणि 'व' वेगळे पडून अक्षरे ५ भरत. २०२३ साली युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचे ठरवले. तो नियम आयसीयूत उतरला की जो, गे, श्व, री अशी ४ अक्षरे मिळतात. सेगमेंटर वापरणाऱ्या पानाला त्यासाठी काहीच बदलावे लागत नाही. लांबी मात्र ९च राहते. ती बदलली तर त्या आकड्यावर विसंबलेली असंख्य जुनी पाने बिघडतील.