टोमॅटोचा हंगाम आणि ताटातली संगत

आपल्याकडे हापूसची वाट पाहतात, तशी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत उन्हाळ्यात टोमॅटोची वाट पाहिली जाते. पावाच्या दोन कापांना मेयोनीज लावायचे, मध्ये टोमॅटोच्या जाड चकत्या ठेवायच्या, वरून मीठ-मिरी भुरभुरायची. इतके साधे सँडविच, पण तेही हंगामातच खावे असा तिथल्या अनेकांचा आग्रह असतो.

अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात हा हंगाम साजरा करण्याचे एक ठरलेले ठिकाण आहे. ख्रिस आणि आयडी हेस्टिंग्ज या दाम्पत्याने १९९५ मध्ये सुरू केलेले ‘हॉट अँड हॉट फिश क्लब’ हे रेस्टॉरंट. तिथले टोमॅटो सॅलड फक्त उन्हाळ्यातच मिळते. ताटलीत वेगवेगळ्या रंगांच्या देशी वाणांच्या टोमॅटोच्या जाड चकत्या असतात. सोबत चवळीच्या कुळातले शिजवलेले ओले दाणे, मक्याचे कोवळे दाणे, तळलेली अख्खी भेंडी, बेकनचा तुकडा आणि मेयोनीजसारखी दाटसर चटणी. यातली भेंडी आणि चवळी मूळच्या आफ्रिकेतल्या. गुलामांच्या व्यापाराच्या काळात त्या अमेरिकेत आल्या आणि दक्षिणेच्या स्वयंपाकघरात रुजल्या.

याच शहरातून अमेरिकेतील एक मोठा आरोग्य अभ्यास चालतो. दक्षिणेच्या राज्यांत पक्षाघाताने होणारे मृत्यू देशाच्या इतर भागांपेक्षा अधिक आहेत. म्हणून त्या भागाला ‘स्ट्रोक बेल्ट’, म्हणजे पक्षाघाताचा पट्टा म्हणतात. कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त आहे. याचे कारण शोधण्यासाठी बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘रिगार्ड्स’ हा अभ्यास सुरू झाला. २००३ ते २००७ या काळात ४५ वर्षे व त्यापुढील ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय व्यक्ती त्यात सहभागी झाल्या.

२०१५ मध्ये त्यातील १७ हजारांहून अधिक जणांच्या आहाराचा हिशेब प्रसिद्ध झाला. तळलेले पदार्थ, वरून घातलेले तूप-तेल, अंडी, प्रक्रिया केलेले मांस, प्राण्यांच्या अवयवांचे मांस आणि साखरेची पेये या खाण्याला संशोधकांनी ‘दक्षिणी आहार’ असे नाव दिले. हा आहार सर्वांत जास्त घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत ५६ टक्के अधिक आढळला. वय, शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान यांतील फरक विचारात घेऊनही हा आकडा राहिला. असा अभ्यास संबंध दाखवतो, थेट कारण सिद्ध करत नाही. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग टोमॅटोचे सॅलड हे दक्षिणी खाणे नाही का? नक्कीच आहे. ‘दक्षिणी आहार’ हे संशोधकांनी विशिष्ट खाण्याला दिलेले नाव आहे. त्या प्रांताच्या परंपरेत शेंगा, मका, भेंडी आणि टोमॅटोही तितकेच मुरलेले आहेत. या सॅलडमध्ये तळण आणि बेकन आहेत, पण ते तोंडी लावण्यापुरते. ताटाचा मोठा भाग भाज्या आणि दाण्यांनी व्यापलेला असतो. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे प्रमाण.

हंगामाचा आग्रह निव्वळ हौसेपोटी नाही, त्याला विज्ञानाचाही आधार आहे. टोमॅटोची चव साखर, आम्ल आणि सुगंधी द्रव्ये यांच्या मेळातून येते. फ्लोरिडा विद्यापीठातील हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० वाणांचा अभ्यास करून २०१७ मध्ये दाखवले, की दूरवर वाहतुकीसाठी आणि भरघोस उत्पादनासाठी घडवलेल्या वाणांत चवीची अनेक द्रव्ये कमी झाली आहेत. आधी, २०१६ मध्ये, फ्रीजचा परिणामही समोर आला होता. पिकलेले टोमॅटो ५ अंश सेल्सियसला आठवडाभर ठेवल्यावर सुगंधी द्रव्ये बरीच घटली आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण भरून आली नाहीत. साखर आणि आम्ल मात्र फारसे बदलले नाही. चवदार भाजी माणूस आवडीने खातो, म्हणून चवीचा प्रश्न आरोग्याचाही असतो.

टोमॅटोला औषध समजणे मात्र चूक. १०० ग्रॅम टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी, जेमतेम १८ कॅलरी, थोडे क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम असते. लाल रंग देणारे लायकोपीन कर्करोग टाळते, अशा जाहिराती होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये पुरावे तपासले आणि लायकोपीनच्या गोळ्यांसाठी असा दावा करण्यास परवानगी दिली नाही. तेव्हा गोळ्यांवर पैसे घालवण्याऐवजी टोमॅटोच खावा. लायकोपीन स्निग्ध पदार्थासोबत आणि शिजवल्यावर अधिक शोषले जाते. म्हणून कच्च्या टोमॅटोवर चमचाभर तेलाची फोडणी किंवा शेंगदाण्याचे कूट योग्यच ठरते. सार किंवा भाजीही उत्तम.

घरी एवढे पाळावे. अर्धवट पिकलेले टोमॅटो बाहेरच ठेवावेत. पूर्ण पिकलेले दोन-तीन दिवसांत संपवावेत. ते सडण्यापेक्षा फ्रीज बरा, पण खाण्यापूर्वी काही वेळ बाहेर काढून ठेवावेत. रक्तदाब असलेल्यांनी वरून मीठ घेणे टाळावे, लिंबू व मिरपूड पुरते. बाटलीतल्या सॉसमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असतात, त्याला टोमॅटोच्या हिशेबात धरू नये. मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियमवर बंधन असेल, तर किती खावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बाकीच्यांनी हंगामात मनसोक्त खावे, पण ताटात त्याच्या शेजारी काय वाढले आहे तेही पाहावे.