लंडनची यमकबोली

इंग्रजी वाचतांना कधीं कधीं असें एखादें वाक्य आड येतें कीं, त्यांतील प्रत्येक शब्द ओळखीचा असूनहि अर्थ मात्र लागत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यास असेंच वाक्य भेटलें. गोष्टींतील गोंधळलेल्या मुलास त्याचा मित्र म्हणतो, 'यूज युवर लोफ.' लोफ म्हणजे पाव. विद्यार्थ्यानें भाषांतर केलें, 'तुझा पाव वापर.' सारा वर्ग हंसला. खरें सांगावयाचें तर आम्हीहि हंसलों. तो बिचारा खालीं मान घालून बसला. वस्तुतः कोशांतील अर्थ त्यानें बरोबर सांगितला होता; शब्दामागें दडलेली गंमत तेवढी त्यास कोणीं सांगितली नव्हती. ती सांगावी, म्हणून हा लेख.

लंडन शहराच्या पूर्व भागांतील कष्टकरी रहिवाशांस 'कॉकनी' म्हणतात. चीपसाइड रस्त्यावरील सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटांचा नाद जेथवर पोहोंचतो, तेथें जन्मलेला तोच खरा कॉकनी, अशी जुनी समजूत आहे. १९४१ सालीं बाँबहल्ल्यांत त्या घंटा नष्ट झाल्या. १९६१ सालापासून नव्या घंटा तेथें पुन्हां वाजूं लागल्या.

या लोकांच्या यमकबोलीची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सांपडते. जॉन कॅम्डन हॉटन यानें १८५९ सालीं काढलेल्या बोलभाषेच्या कोशांत तिचे शब्द दिले आहेत. रस्तोरस्तीं गाणीं गाऊन व लांबलचक बडबड करून माल खपविणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांशीं तो तिचा संबंध जोडतो.

तिची रीत सोपी आहे. ज्या वस्तूचें नांव घ्यावयाचें, तिच्याशीं यमक जुळेल असा शब्द शेवटीं असलेली एक जोडी शोधावयाची. जिन्यास इंग्रजींत 'स्टेअर्स' म्हणतात. त्याशीं 'पेअर्स' जुळतें. म्हणून जिना झाला 'ॲपल्स अँड पेअर्स', म्हणजे सफरचंदें आणि नासपती! पाय म्हणजे 'फीट', ते झाले 'प्लेट्स ऑफ मीट', मांसाच्या थाळ्या. बायको म्हणजे 'वाइफ', ती झाली 'ट्रबल अँड स्ट्राइफ', त्रास आणि तंटा! आमच्या वाचक मातांनीं रागावूं नये. हा विनोद लंडनचा आहे. पुढें टेलिफोन आला, तेव्हां तोहि 'डॉग अँड बोन' या नांवानें बोलींत शिरला.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. पुष्कळदां यमकाचा शब्दच गाळून टाकतात. डोकें म्हणजे 'हेड', त्यासाठीं 'लोफ ऑफ ब्रेड'. त्यांतील 'ब्रेड' गेला आणि 'लोफ' उरला. अर्थात् 'यूज युवर लोफ' म्हणजे 'डोकें चालव'! त्याचप्रमाणें पाहणें म्हणजे 'लुक', त्यासाठीं 'बुचर्स हुक', खाटकाचा आंकडा, उरलें 'बुचर्स'. मित्र म्हणजे 'मेट', त्यासाठीं 'चायना प्लेट', उरलें 'चायना'. कुलूप समोर दिसतें, किल्ली मात्र विक्रेत्याच्या खिशांत!

ही बोली ग्राहकास किंवा पोलिसास कळूं नये म्हणून निघाली, असें कित्येक म्हणतात. केवळ शब्दांच्या खेळाची हौस, असें दुसरे म्हणतात. आपल्याकडेहि व्यापाऱ्यांची नंदभाषा होतीच. तींत एकास 'केवली' व दोहोंस 'अवारू' म्हणत. समोरच्या गिऱ्हाइकास भाव कळत नसे. असे शब्द देशोदेशीं प्रवासहि करतात. इंग्रज माणूस नजर टाकण्यास 'डेको' म्हणतो, तें हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांनीं उचललेलें आपलें 'देखो' होय. त्यांनीं मायदेशास दिलेलें 'ब्लायटी' हें लाडकें नांव 'विलायती' या शब्दापासून निघालें.

असले शब्द मुलांनीं शिकावे काय, असें पालक विचारतील. आमचें मत असें कीं, ते ओळखावे, पण परीक्षेच्या कागदावर किंवा अर्जांत लिहूं नयेत. घरचा पोशाख निराळा, समारंभाचा निराळा. म्हणून घरच्या पोशाखाची लाज कोणी धरीत नाहीं. कोणत्याहि गरिबाच्या बोलीस गांवढळ म्हणण्यापूर्वीं तींत किती चातुर्य भरलें आहे, हें पाहावें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वर्गांत त्या विद्यार्थ्यास उभें करून हा सारा उलगडा त्याच्यासमक्ष सांगितला. आदल्या दिवशीं डोकें वापरावयाचें राहिलें होतें खरें; पण तें त्याचें नव्हे, हंसणाऱ्या आम्हां सर्वांचें.