परदेशी व्यापाराची विद्या आणि आपलीं मुलें

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या सहकुटुंब आमच्याकडे आला होता. फराळ आटोपल्यावर त्यानें आपल्या कन्येस आमच्यासमोर बसविलें आणि तो म्हणाला, "काका, हिला आतां तुम्हींच चार शब्द सांगा. गणितांत पैकीच्या पैकी गुण मिळविणारी ही मुलगी विद्यापीठांत जाऊन आंतरराष्ट्रीय व्यापार शिकणार म्हणते! मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों, तेव्हां तुम्हीं मला काय सांगितलें होतें? हुशार मुलानें हातीं तागडी धरूं नये!"

शब्द आमचेच होते. पुतण्यास त्या वेळीं वाणिज्य शाखेची फार ओढ होती. आमच्या शब्दाखातर तो अभियंता झाला. त्याचें कांहीं वाईट झालें असें नाहीं. परंतु ज्या विद्येचें एक पानहि आम्हीं उघडून पाहिलें नव्हतें, तिच्याविषयीं आम्हीं खुशाल निर्णय दिला होता. शिक्षकाच्या हातून याहून मोठा प्रमाद तो कोणता व्हावयाचा? म्हणून या खेपेस आम्ही इतकेंच म्हणालों, "बाळ, तुझीं पुस्तकें आधीं आम्हांला दाखव." तिनें एका मोठ्या मैत्रिणीकडून आणलेलीं पुस्तकें पुढें ठेवलीं, आणि चार दिवस आजोबा व नात यांची पाठशाळा भरली.

प्रथम लक्ष वेधलें तें तीन-तीन अक्षरी संज्ञांनीं. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ स्थापन झालें. देशोदेशींचे व्यापारी एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ करीत व त्यांतून तंटे उद्भवत. म्हणून या मंडळानें १९३६ सालीं अशा संज्ञांचे अर्थ ठरवून दिले. २०२० च्या आवृत्तींत त्या अकरा आहेत. समजा, साखरेचीं पोतीं जहाजानें पाठवावयाचीं आहेत. करारांत 'एफ. ओ. बी.' म्हटलें असेल, तर पोतीं जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची व चढल्यावर घेणाऱ्याची. 'सी. आय. एफ.' म्हटलें, तर पलीकडच्या बंदरापर्यंतचें भाडें व विमा विकणाऱ्यानें भरावयाचा. पण वाटेंतील जोखीम मात्र माल जहाजावर चढतांच घेणाऱ्याकडे जाते. खर्च एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची! पाणिनीनें 'अच्' एवढ्या संज्ञेंत सगळे स्वर बांधले, तसाच हा प्रकार. व्याकरण घोकून वाढलेल्या आम्हांला आपल्याच अंगणांत आल्यासारखें वाटलें.

दुसरें प्रकरण पतपत्राचें. विकणारा पुण्यास, घेणारा हॅम्बुर्गला. एकमेकांचें तोंड कोणीं पाहिलेलें नाहीं. आधीं माल कोणीं पाठवावा, आधीं पैसे कोणीं द्यावे? तेथें बँक मध्यस्थ होते. ठरलेलीं कागदपत्रें ठरलेल्या मुदतींत आणि करारांतील अटींबरहुकूम सादर झालीं, तर पैसे देण्याचें ती स्वतः वचन देते. बँक कागद पाहते, माल नव्हे. माल उत्कृष्ट असला तरी त्याचें वर्णन किंवा तारीख जुळली नाहीं, तर पैसे अडतात. ज्या मुलांना आम्ही शुद्धलेखनासाठीं हातावर छडी देत होतों, त्यांना हें ठाऊक असतें तर कदाचित् त्यांनीं आमचें अधिक ऐकलें असतें!

तिसरी गोष्ट हुंडणावळीची. व्यवहार युरोंत ठरला, पैसे तीन महिन्यांनीं आले आणि मध्यंतरीं दर फिरला, तर हिशेबांतला नफा कागदावरच राहतो. म्हणून पुढील तारखेचा दर बँकेशीं आजच ठरवून ठेवतां येतो. तो केव्हां ठरवावा, किती रकमेचा ठरवावा, हें गणिताचें काम. या प्रश्नाचा आमच्या मुंबईशीं जुना संबंध आहे. १९१३ सालीं स्थापन झालेल्या सिडेनहॅम वाणिज्य महाविद्यालयांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा विख्यात ग्रंथ १९२३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्यांत चांदीच्या व सोन्याच्या भावाबरोबर रुपयाचें मूल्य कसें हेलकावे खात गेलें, याचें विवेचन आहे. एवढ्या बुद्धीचा पुरुष ज्या प्रश्नांत रमला, त्यास आम्ही 'तागडी' म्हणत होतों!

आणि या विद्येवांचून काय अडतें, असें कोणी विचारील, तर नाशिककडील द्राक्षांची हकीकत सांगतों. २०१० सालीं आपलीं द्राक्षें युरोपांत पोंचलीं, तेव्हां त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश तेथील मर्यादेबाहेर आढळला व पुष्कळ माल नाकारला गेला. आपल्याकडील निर्यात-तपासणीच्या यादींत तें द्रव्यच नव्हतें. द्राक्षें गोड होतीं, बागाइतदाराचा घाम खरा होता. परंतु समुद्रापलीकडचा नियम वेळेवर वाचून त्याच्या बांधापर्यंत पोंचविणारें माणूस नव्हतें. तें माणूस तयार करणें, हेंच या अभ्यासाचें खरें प्रयोजन होय.

आमच्या पूर्वजांना हें परकें नव्हतें. कौटिल्यानें आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दण्डनीति अशा चार विद्या सांगितल्या. त्यांतील वार्ता म्हणजे कृषि, पशुपालन व व्यापार. वेदत्रयीच्या पंक्तीस त्यानें व्यापार बसविला. परदेशांतून माल आणणाऱ्यास सवलत द्यावी, असेंहि त्याचें मत आहे. हा ग्रंथ आम्हीं वर्गांत कितीदां वाखाणला असेल. पण घरच्या मुलास सल्ला देतांना तो फळीवरच राहिला.

मात्र आईबापांनीं डोळे उघडे ठेवावे. 'आंतरराष्ट्रीय' हें विशेषण जाहिरातींत फार स्वस्त झालें आहे. भारत सरकारनें १९६३ सालीं दिल्लीस काढलेली व २००२ पासून अभिमत विद्यापीठ असलेली विदेश व्यापार संस्था, किंवा पुण्यास १९९२ सालीं निघालेली सिम्बायोसिसची संस्था, अशीं नांवाजलेलीं ठिकाणें आहेत. परंतु कोठेंहि प्रवेश घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. हिशेब, संख्याशास्त्र आणि व्यापारी कायदा मनापासून शिकवितात काय? एखादी परदेशी भाषा पत्रव्यवहार करण्याइतकी येते काय? बंदरावर, जकातीच्या कचेरींत वा निर्यातीच्या पेढींत प्रत्यक्ष काम करावयास मिळतें काय? आणि शुल्क भरण्यासाठीं घर गहाण तर पडत नाहीं ना? परदेश पाहण्याच्या हौसेनें या वाटेस जाणाऱ्यानें पर्यटनच करावें. तें स्वस्त पडेल.

भाऊबीजेच्या दिवशीं आम्हीं पुतण्यास जवळ बोलाविलें आणि सांगितलें, "बाबा रे, ते शब्द आम्ही परत घेतों. तुझ्या बाबतींत त्यास उशीर झाला. हिच्या बाबतींत होऊं नये." तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग मुलीकडे वळून म्हणाला, "तें सी. आय. एफ. काय म्हणतेस, तें मला एकदां नीट समजावून सांग पाहूं."

रात्रीं पाणी पिण्यासाठीं आम्ही उठलों, तेव्हां माजघरांतला दिवा जळतच होता. मुलगी झोंपली होती. पुस्तक बापाच्या हातांत होतें.